हायड्रोजन पेरॉक्साइडची १०० मिलिलिटरची बाटली: घरगुती जखमांवर वर्षभर वापरून आलेला अनुभव

कोथरूडमधील आमच्या घरी औषधांच्या कपाटात गेले वर्षभर हायड्रोजन पेरॉक्साइडची एक तपकिरी बाटली आहे. जवळच्या मेडिकलमधून घेतलेली ही बाटली १०० मिलिलिटरची असून तिच्या लेबलवर ‘हायड्रोजन पेरॉक्साइड सोल्यूशन आयपी’, त्याखाली ‘२० व्हॉल्यूम’ आणि अगदी बारीक अक्षरांत ‘६ टक्के’ व ‘फक्त बाह्य वापरासाठी’ असे छापलेले आहे. किंमत इतकी कमी, की ती घेताना सहसा कोणी दुसऱ्यांदा विचार करत नाही, आणि मीही केला नाही. खरचटणे, कापणे, चप्पल चावणे अशा रोजच्या लहानसहान जखमांसाठी म्हणून मी ती घेतली होती. आज मात्र नेमक्या त्याच कामासाठी मी तिला हात लावत नाही. असे का झाले, हे सविस्तर लिहावेसे वाटले, कारण माझ्या ओळखीच्या निम्म्याअधिक घरांत ही बाटली आहे आणि ती ज्या विश्वासाने वापरली जाते, तो विश्वास मीही बाळगून होते.

गेल्या वर्षी जूनच्या अखेरीस, पहिल्या मोठ्या पावसानंतर, माझा तेरा वर्षांचा मुलगा घराजवळच्या उतारावर सायकलवरून घसरला. गुडघा चांगलाच सोलवटला होता, त्यात मुरूम आणि चिखल गेला होता आणि कोपरालाही खरचटले होते. मी कापूस पेरॉक्साइडमध्ये भिजवून गुडघ्यावर पिळला. क्षणात पांढराशुभ्र फेस वर आला, फसफस ऐकू येऊ लागली, मुलगा कळवळला, आणि शेजारी बसलेल्या सासूबाई समाधानाने म्हणाल्या, “बघ, घाण बाहेर पडतेय. जितकं जास्त फसफसेल, तितकं चांगलं.” मलाही अगदी तसेच वाटत होते. डोळ्यांसमोर काहीतरी घडताना दिसते, कानांना ऐकू येते, जखम झोंबते, म्हणजे औषध आपले काम करत आहे, अशी खात्रीच पटते. या बाटलीच्या लोकप्रियतेचे सगळे रहस्य या फेसात आहे असे मला आता वाटते.

त्यानंतरचे पाच दिवस मी सकाळ-संध्याकाळ तोच क्रम चालवला. प्रत्येक वेळी फेस यायचा आणि प्रत्येक वेळी मी समजायचे की अजून जंतू शिल्लक आहेत, म्हणून आणखी थोडे ओतायचे. तिसऱ्या दिवशी जखमेच्या कडा पांढुरक्या, भिजल्यासारख्या दिसू लागल्या. कोपराची जखम, जिला मी केवळ पाण्याने धुऊन सोडून दिले होते, तिने तोवर व्यवस्थित खपली धरली होती. गुडघा मात्र पाचव्या दिवशीही लालबुंद आणि ओलसर होता आणि कापूस लावला की पुन्हा रक्त येत होते. गुडघ्याची जखम मोठी होती आणि तिथली कातडी सतत वाकते, त्यामुळे ही काही काटेकोर तुलना नव्हे, याची मला कल्पना आहे. तरीही मनात शंका आली आणि आम्ही आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी पट्टी सोडून पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “ताई, यावर काय ओतताय?” मी सांगितल्यावर त्यांनी पेरॉक्साइड त्याच दिवशी बंद करायला लावले, जखम नळाच्या धारेखाली धुतली, चिमट्याने मुरुमाचे दोन खडे काढले, जे इतक्या फेसातूनही जागचे हलले नव्हते, आणि वर व्हॅसलीनचा पातळ थर देऊन न चिकटणारी पट्टी बांधली. “बाळाचा दहाव्या वर्षीचा धनुर्वाताचा डोस झालाय ना?” एवढे विचारून त्यांनी आम्हाला परत पाठवले. दुसरे कोणतेही औषध दिले नाही. आठवडाभरात गुडघ्यावर नवी गुलाबी कातडी आली.

त्यानंतर मी या विषयावर जे वाचले आणि घरी करून पाहिले, त्यातला सर्वांत उपयोगी प्रयोग बटाट्याचा होता. कच्चा बटाटा चिरून त्याच्या ताज्या कापावर पेरॉक्साइडचे दोन थेंब टाकले, की जखमेवर येतो तसाच फेस येतो. बटाटा काही जंतूंनी पिकलेला नसतो. त्याच्या पेशींत ‘कॅटलेज’ नावाचे एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणारे प्रथिन, असते आणि ते पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन असे विघटन करते; फेस म्हणजे त्या ऑक्सिजनचे बुडबुडे. हेच कॅटलेज आपल्या रक्तात आणि कातडीखालच्या पेशींत भरपूर असते आणि ते इतके वेगवान असते, की त्याचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो. शिजवलेल्या बटाट्यावर थेंब टाकले तर जवळपास काहीच होत नाही, कारण उष्णतेने हे एन्झाइम निकामी झालेले असते. धडधाकट कातडीवरही फेस येत नाही, कारण वरच्या मृत थराखालच्या पेशी उघड्या पडलेल्या नसतात. म्हणजे फेस येणे ही जंतू मरत असल्याची खूण नसून तिथे रक्त किंवा उघड्या पेशी असल्याची खूण आहे. अगदी स्वच्छ, निर्जंतुक जखमही तितक्याच जोरात फसफसेल, आणि मी पाच दिवस ‘अजून जंतू आहेत’ असे समजून जे ओतत होते, ते माझ्या मुलाच्या जिवंत पेशींवर ओतत होते. हे समजले, त्या दिवशी मला खरोखर वाईट वाटले.

पेरॉक्साइड जंतू मारत नाही असे मात्र मुळीच नाही. १८१८ साली लुई-जाक तेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते प्रथम तयार केले आणि पुढे जंतुनाशक म्हणून त्याचा वापर जगभर झाला तो विनाकारण नव्हे. आपले शरीरसुद्धा जंतूंशी लढताना ते वापरते: पांढऱ्या पेशी गिळलेल्या जंतूवर ज्या पदार्थांचा मारा करतात, त्यांत हायड्रोजन पेरॉक्साइड असते. मधाच्या जंतुनाशक गुणाचा एक भागही, मधातल्या एका एन्झाइममुळे थोडेथोडे तयार होत राहणाऱ्या पेरॉक्साइडमुळेच असतो. परंतु शरीर ते मोजून, जिथे हवे तिथेच वापरते, आणि आपण बाटलीतून ओततो ते त्याच्या कितीतरी पट तीव्र असते. शिवाय जखमेवर पडताच कॅटलेज त्याचे पाणी करून टाकते, त्यामुळे जंतूंवर परिणाम व्हायला जितका वेळ लागतो, तितका वेळ ते टिकतच नाही; आणि कातडीच्या जखमांत पू करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंकडे त्यांचे स्वतःचेही कॅटलेज असते. दुसरीकडे, जखम भरून आणण्याचे काम करणाऱ्या पेशी, म्हणजे नवे धागे विणणाऱ्या आणि वरची कातडी पसरवणाऱ्या पेशी, या द्रावणाने दुखावतात. जंतूंवर अर्धवट परिणाम आणि दुरुस्ती करणाऱ्यांवर पुरता मारा, असा हा व्यवहार आहे. म्हणूनच आता अनेक वैद्यकीय संस्था प्रथमोपचाराच्या सूचनांत लहान जखमांवर पेरॉक्साइड वापरू नका, असे सरळ सांगतात.

आता उत्पादनाविषयी, आणि इथे माझी तक्रार आहे. ‘२० व्हॉल्यूम’ म्हणजे काय, हे किती ग्राहकांना कळते? याचा अर्थ असा, की १ मिलिलिटर द्रावणातून २० मिलिलिटर ऑक्सिजन वायू निघू शकतो, आणि हे प्रमाण साधारण ६ टक्क्यांइतके होते. जखमेसाठी ज्या ३ टक्के द्रावणाचा उल्लेख जुन्या पुस्तकांत आढळतो, ते ‘१० व्हॉल्यूम’. म्हणजे माझ्या बाटलीतले द्रावण समभाग पाणी घालून अर्धे सौम्य करायला हवे होते, आणि मी ते पाचही दिवस जसेच्या तसे वापरले. लेबलवर तशी सूचना आहे, पण ती इंग्रजीत, एका ओळीत आणि बाटलीच्या वळणावर छापलेली आहे. दुकानात तर कोणी काहीच बोलले नाही. काउंटरवरच्या मुलाने “ताई, हेच घ्या, सगळे हेच नेतात” एवढेच सांगितले. त्याला मी दोष देत नाही, पण कातडी जाळू शकणारे द्रावण कापसाच्या गुंडाळीबरोबर देताना ‘अर्धे पाणी घाला’ हे तीन शब्द मराठीत सांगणे किंवा चिठ्ठीवर लिहून देणे कोणत्याही दुकानाला जड नाही. उत्पादकांनीही ही सूचना मराठीत आणि मोठ्या अक्षरांत छापायला हवी.

साठवणीबाबतही बाटली नाजूक आहे. प्रकाश आणि उष्णता यांनी पेरॉक्साइड आपोआप फुटत जाते, म्हणूनच ती तपकिरी किंवा अपारदर्शक असते. आमचे कपाट स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आहे आणि एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीच्या आसपास जातो तेव्हा ते आतून तापते. गेल्या मे महिन्यात बाटली उघडताना ‘फस्स’ असा आवाज आला आणि झाकण किंचित फुगलेले जाणवले. एकदा उघडलेली बाटली महिनोन्‌महिने तितकीच प्रभावी राहत नाही. बटाट्याचा काप इथेही कामी येतो: ताज्या कापावर फेस क्षीण आला, तर द्रावण बहुतांशी पाणी झाले आहे असे समजावे. दुसऱ्या बाटलीत, विशेषतः पाण्याच्या रिकाम्या बाटलीत, ते कधीही ओतून ठेवू नये. पाण्यासारखेच दिसत असल्याने मुले आणि म्हातारी माणसे ते पिण्याचा धोका फार खरा आहे.

मग लहान जखमेला करायचे काय? याचे उत्तर मला त्याच पावसाळ्यात मिळाले, कारण महिन्याभरातच विळीवर भोपळा फोडताना माझ्या बोटाला कापले. या वेळी स्वच्छ रुमालाने दहा मिनिटे, मध्ये उघडून न पाहता, दाब देऊन धरला. रक्त थांबल्यावर नळाची बारीक धार पाच मिनिटे बोटावरून जाऊ दिली, आजूबाजूच्या कातडीला साधा साबण लावला आणि वर व्हॅसलीन व चिकटपट्टी. पाणी हे ‘औषध’ वाटत नाही, हीच खरी अडचण आहे. पण जखम धुण्यासाठी पिण्यायोग्य नळाचे पाणी आणि सलाइन यांची तुलना अभ्यासांत झालेली आहे आणि नळाच्या पाण्याने जखम अधिक पिकते असे त्यांत आढळलेले नाही. धारेचा जोर माती आणि खडे वाहून नेतो, आणि जंतूंचा मोठा भाग त्या मातीबरोबरच जातो. महापालिकेचे पाणी येते त्या भागात हे सोपे आहे. उपनगरांतल्या ज्या सोसायट्या टँकरवर किंवा बोअरवर चालतात, तिथे मात्र पाणी उकळून गार करून वापरावे. माझी बहीण अशाच ठिकाणी राहते आणि उकळलेल्या पाण्याचा एक झाकलेला तांब्या नेहमी तयार ठेवते.

व्हॅसलीन आणि पट्टी यांवर आमच्या घरी बरीच चर्चा झाली, कारण ‘जखम उघडी ठेवा, वारा लागू दे, सुकली की भरते’ हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या उथळ जखमांवर केलेल्या प्रयोगात याच्या उलट दिसले: पातळ आवरणाखाली ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी उघड्या, कोरड्या पडलेल्या जखमांपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने पसरली. नव्या पेशींना कडक खपलीखालून वाट काढावी लागत नाही, हे त्याचे कारण. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला, पण माझे बोट सहा दिवसांत भरलेले त्यांनी स्वतः पाहिले.

त्यांचा दुसरा आग्रह हळदीचा होता, आणि त्याबद्दल मला आदरानेच लिहायचे आहे. जखमेवर हळद दाबण्याची आपली परंपरा इतकी जुनी आणि इतकी नोंदलेली आहे, की १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले, तेव्हा आपल्या सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, जुन्या ग्रंथांचे पुरावे सादर करून १९९७ साली ते रद्द करवून घेतले. त्या वेळी सीएसआयआरचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, जे त्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. पुणेकरांना याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. तरीही ग्रंथांतली हळद आणि डब्यातली, चमच्याचा ओलावा लागलेली, निर्जंतुक न केलेली पूड यांत फरक आहे. उघड्या जखमेत ती भरली की धुऊन काढणे कठीण जाते आणि डॉक्टरांना आतले काही दिसत नाही. सासूबाईंना मी हळद दुधातून देते, आणि त्यावर आमचा समेट झालेला आहे.

काही प्रसंगी मात्र पेरॉक्साइड की पाणी हा प्रश्नच गौण असतो. हिवाळ्यात एकदा रात्री साडेनऊला खालच्या मजल्यावरचे शेजारी आले. “वहिनी, तुमच्याकडे ते फेसाचं औषध आहे ना? भाच्याला कुत्रं चावलंय.” मी बाटली दिली नाही, मुलाला बाथरूममध्ये नेऊन पोटरीवर साबण लावून वाहत्या पाण्याखाली घड्याळ लावून पूर्ण पंधरा मिनिटे जखम धुवायला लावली आणि त्याच रात्री रुग्णालयात जायला सांगितले. रेबीजसाठी जागतिक आरोग्य संघटना नेमके हेच सांगते: पंधरा मिनिटे साबण-पाणी, त्यानंतर पोव्हिडोन आयोडीनसारखे जंतुनाशक द्रावण, आणि विलंब न करता लस, रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूला रोखणारी तयार प्रतिपिंडे). फेस पाहून ‘झाले, साफ झाले’ असे समाधान वाटले आणि लस राहून गेली, तर तो समज जीव घेऊ शकतो. धनुर्वाताचेही असेच. त्याचे जंतू ऑक्सिजन नसलेल्या जागी वाढतात, म्हणून ऑक्सिजन सोडणारे पेरॉक्साइड त्यांना रोखेल असा तर्क मी एका सुशिक्षित गृहस्थांकडून ऐकला आहे. पण खिळा रुतल्यावर खोल गेलेल्या बीजाणूंपर्यंत (जंतूंची टणक, सुप्त रूपे) वरून ओतलेले द्रावण पोचत नाही. तिथे लसच उपयोगी पडते. अशा अरुंद, खोल जखमेत पिचकारीने पेरॉक्साइड सोडणे तर अत्यंत घातक आहे, कारण बंद जागेत तयार झालेला वायू रक्तवाहिनीत शिरू शकतो, आणि अशा घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत.

माझ्या सासऱ्यांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. नवी चप्पल चावून त्यांच्या अंगठ्याशी फोड आला, तेव्हा त्यांनी मला न सांगता दोन दिवस हीच बाटली वापरली. झोंबत नाही म्हणून ते खूश होते. पण पायाची संवेदना कमी झाल्यामुळे झोंबत नव्हते, हीच काळजीची गोष्ट होती. आम्ही लगेच डॉक्टरांना दाखवले आणि पाय वाचला असे मी म्हणेन. मधुमेहाच्या रुग्णाच्या पायावर घरचा कोणताही प्रयोग करू नये, मग बाटली कोणतीही असो.

हे सगळे लिहिल्यावर या बाटलीचे गुणही सांगितले पाहिजेत. कपड्यांवरचे रक्ताचे डाग ती अप्रतिम काढते. मुलाची शाळेची पांढरी चड्डी आधी गार पाण्यात भिजवली (गरम पाण्याने रक्त कापडात घट्ट बसते), मग डागावर पेरॉक्साइड टाकले, आणि ज्या फेसाने मला जखमेबाबत फसवले, त्याच फेसाने डाग दोन वेळांत पूर्ण उचलला. रंगीत कापडावर आधी आतल्या शिवणीजवळ करून पाहावे. रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांपासून ते दूरच ठेवलेले बरे. चिमटा, नखे कापायचे यंत्र, फरशी अशा निर्जीव गोष्टींसाठी, त्या आधी धुऊन घेतल्या तर, ते चांगले जंतुनाशक आहे. करोनाच्या काळात जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या हँडरबमध्येही ०.१२५ टक्के पेरॉक्साइड असे, तेही हातांसाठी नव्हे, तर मिश्रणात किंवा बाटलीत राहिलेले बीजाणू मारण्यासाठी. डॉक्टर किंवा परिचारिका एखाद्या जुनाट जखमेतले साकळलेले रक्त सुटे करायला ते एकदा वापरून लगेच धुऊन टाकतात, तेव्हा ते कुठे आणि किती वापरायचे हे त्यांना ठाऊक असते. माझ्या स्वयंपाकघरात ते ज्ञान नव्हते.

म्हणून गुण द्यायचे झाले तर कपडे आणि वस्तू यांसाठी मी या बाटलीला पाचांपैकी चार देईन, एक गुण लेबलसाठी कापून. आणि उघड्या जखमेसाठी एक. त्याच पैशांत थोडी भर घालून मी आता जे आणते, ते असे: व्हॅसलीनची लहान डबी, न चिकटणाऱ्या गॉजची दोन-तीन पाकिटे, कागदी चिकटपट्टी आणि टोकदार चिमटा. मळकट खरचटण्यासाठी पोव्हिडोन आयोडीनची छोटी नळी ठेवते, पण तीही धुणे झाल्यावर, पातळ आणि एक-दोन दिवसच. पेरॉक्साइडची बाटली औषधांच्या कपाटातून निघून धुण्याच्या साबणाशेजारी, मुलांच्या हाताला न येणाऱ्या वरच्या फळीवर गेली आहे. तिच्यावर मी जाड पेनाने ‘डागांसाठी, जखमेसाठी नाही’ असे लिहून खाली उघडल्याची तारीख घातली आहे.